हिरवी वायर

फ्रिजचं दार उघडताना आई "आई गं!" म्हणून ओरडली, तेव्हा मी समुद्राकाठच्या रस्त्यावर गाडी चालवत होते. रस्ता माझ्या कॉम्प्युटरमधला, समुद्रही त्यातलाच, पण वळण अवघड होतं आणि मान वळवायला मला सवड नव्हती. मागे पातेलं पडल्याचा आवाज झाला. फ्रिजची मोटर घुर्र करून सुरू झाली आणि पडद्यावरची गाडी वळणावर जागच्या जागी थिजली. मी वळून पाहिलं तर दूध फरशीवरून माझ्या खुर्चीकडे येत होतं आणि आई उजवं मनगट डाव्या हातात धरून फ्रिजकडे बघत होती. चेहरा असा, की घरच्याच माणसानं भर पंगतीत अपमान केला असावा. "चावला," ती म्हणाली. "इतकी वर्षं घरात आहे, कधी चावला नाही. हे आलं आणि चावायला लागला." हे म्हणजे माझा कॉम्प्युटर. आईनं त्याला अजून नाव दिलं नव्हतं. हे पुस, ह्याच्यावर काहीतरी झाक, ह्याला किती लाईट लागते, असंच चालायचं. मी फडकं आणलं, दूध पुसायला बसले, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही माझं अर्धं लक्ष त्या थिजलेल्या गाडीतच होतं. पुसता पुसता फ्रिजच्या कडेला माझी करंगळी टेकली आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या. आई खोटं बोलत नव्हती.

मला खेळायचं होतं, बस. एवढी साधी गोष्ट सांगायला मला फार वेळ लागला होता. मी एकतीस वर्षांची, अंबरनाथच्या एमआयडीसीत एका औषधांच्या कारखान्यात स्टोअरला कामाला, शुक्रवारची सुट्टी. बायोडाटा पाठवायचा म्हणून एकदा जवळच्या, कॅम्प चार नावाच्या वस्तीतल्या सायबर कॅफेत गेले होते. शेजारच्या मशीनवर कॉलेजातला एक पोरगा गाडी पळवत होता, जिकडेतिकडे आदळत होता, आणि त्याच्या काचेसमोर मोकळा रस्ता नुसता उलगडत चालला होता. बायोडाटा तसाच राहिला. पुढच्या शुक्रवारी मी परत गेले आणि कॅफेवाल्याला म्हणाले, मला ते द्या. त्यानं आधी माझ्याकडे आणि मग माझ्या पर्सकडे पाहिलं. "मॅडम, वो तो गेम है." मी म्हटलं, माहीत आहे. पहिल्या दिवशी मी सिग्नलला थांबत होते. त्या खेळात थांबायची सक्ती नाही, पण लाल दिवा दिसला की माझा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. पोरं हसली. हसू देत. मला कुणाच्या पुढे जायचंच नव्हतं, शर्यतीचा भाग मी निवडतच नव्हते. मोकळ्या रस्त्यावर, डाव्या हाताला पाणी ठेवून, आपल्या हातांनी गाडी नेत राहायचं. रिक्षात आपण मागे बसतो, बसमध्ये उभं राहतो, कारखान्याच्या गाडीत तर खिडकीची जागासुद्धा सिनिऑरिटीनं मिळते. आपण वळवलं म्हणून काहीतरी वळलं, हे मला त्या कॅफेच्या कळकट खुर्चीत पहिल्यांदा कळलं आणि मग ते घरी हवंसं वाटू लागलं.

घरी सांगितलं तेव्हा आण्णा, म्हणजे माझे वडील, खूश झाले. "घे, घे. शिकायला कामाला येईल." मी म्हटलं, "आण्णा, खेळायला घेतेय." ते हसले. "खेळायला पण, शिकायला पण." आमच्या घरात नवी वस्तू येते ती शिकायला येते. टेबल आलं अभ्यासाला, टेबलफॅन आला दहावीचं वर्ष म्हणून, घड्याळ आलं पेपर सोडवायची सवय व्हावी म्हणून. पन्नास वर्षांपूर्वी आजोबांनी धम्म घेतला आणि त्याबरोबर जे व्रत घरात आलं ते पुस्तकाचं. त्याचं मी काहीच वाईट म्हणत नाही. त्याच व्रतावर मी आणि माझा भाऊ महेंद्र उभे आहोत. पण मी लंगडीला खाली उतरले की वरून आण्णांचा आवाज यायचा, "झाला का गं अभ्यास?" आणि एक पाय उचललेला असला तरी मी तशीच घरात असायची. ते रागवायचे नाहीत कधी. राग आला असता तर बरं झालं असतं, काहीतरी बोलता आलं असतं. ते नुसते काळजीत असायचे.

कॅम्प एकमधल्या टेकचंदकडे मी शुक्रवारमागून शुक्रवार गेले. टेकचंद हा गप्पिष्ट सिंधी दुकानदार. काउंटरवर एका बाजूला मदरबोर्ड, दुसऱ्या बाजूला त्याच्या बायकोच्या हातचे पापड विकायला. "मॅडम, तैयार पीस लो, टेन्शन खतम." मी म्हणायची, नको, सुटं द्या, मी जोडणार. "आप?" "मी." मग त्यालाही त्यात गोडी वाटू लागली. माझ्या बजेटात सगळं नवं बसत नव्हतं, तेव्हा त्यानंच शिकवलं की प्रोसेसर हलका घे, रॅम सोडू नको, आणि ग्राफिक्स कार्ड कुणीतरी वापरलेलं पण पंखा नीट फिरणारं बघ. असं एक कार्ड त्यानं माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलं, वर पापडाचं पुडकं ठेवून, म्हणजे दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिसू नये. मॉनिटर जुना, पोटाळ, रिक्षात माझ्या मांडीवर बसून आला. घरी फरशीवर वर्तमानपत्र पसरून मी मशीन जोडलं. बोर्डाखाली पितळेचे छोटे खुंट लावायचे असतात, म्हणजे तो पत्र्याला टेकत नाही. ते मी विसरले, सगळं उलगडलं, परत लावले. प्रोसेसरवर पेस्ट लावताना श्वास धरला. स्क्रू कुठला कुठे हे शोधताना गुडघे दुखले. आणि त्या सगळ्या दुपारी मी इतकी सुखात होते, की आईनं दोनदा विचारलं, तुला बरं आहे ना.

सुरू करायच्या दिवशी आण्णांनी शेजारपाजारच्यांना बोलावलं. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली, त्रिसरण-पंचशील झालं, आणि मग मी बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच, आणि मशीननं एक लांबलचक शिट्टी दिली. मग परत दिली. "वाजतंय छान," शेजारच्या अंजनीमावशी म्हणाल्या. सगळ्यांना वाटलं कॉम्प्युटर असाच सुरू होतो. मला घाम फुटला. लांब शिट्टी म्हणजे रॅम नीट बसलेली नाही, हे टेकचंदनं सांगून ठेवलं होतं. मी सगळ्यांसमोर झाकण काढलं, रॅमची पट्टी उपटली, तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, फुंकर मारली, आणि अंगठ्यांनी कटकन आवाज होईपर्यंत दाबली. या वेळी पडद्यावर अक्षरं आली. टाळ्या वाजल्या. आण्णांनी टाळी वाजवली नाही. ते माझ्या बोटांकडे बघत होते. मग पेढा तोंडात घालून म्हणाले, "हात बसलाय तुझा." आयुष्यभर फिटर-वायरमनचं काम केलेल्या माणसाच्या तोंडचं हे वाक्य मी अजून कुठेतरी जपून ठेवलं आहे.

पण खेळ सुरू केला की मशीन मध्येच थिजायचं. मी दर शुक्रवारी काहीतरी बदलून बघत होते. रॅम दुसऱ्या खाचेत घातली, कार्ड काढून घासलं, पॉवर सप्लाय बदलून आणला. शेवटी कॅबिनेट उचलून टेकचंदकडे नेलं. त्याच्या काउंटरवर ते दुपारभर सुरळीत चाललं. टेकचंदनं स्वतः गाडी चालवून पाहिली, दोन गिऱ्हाइकांना चालवायला दिली, पापड खाल्ले. "मशीन को हमारे यहाँ अच्छा लगता है, मॅडम," तो म्हणाला. घरी आणलं की पुन्हा तेच. परत नेलं की पुन्हा शहाणं. शेवटी टेकचंदच कंटाळला, "साईं, नहीं जमता तो वापस दे दो. आपका नुकसान नहीं करूँगा." मी तेव्हा हसण्यावारी नेलं. सासरी गोड आणि माहेरी हट्टी, अशी पोर माझ्याच वाट्याला यावी म्हणून रिक्षात मला खरंच हसू आलं होतं.

आता दूध पुसून झालं आणि आई हसण्याच्या मनःस्थितीत नव्हती. संध्याकाळी आण्णा विहारातून आल्यावर तिनं मनगट पुढे केलं. "मला काय व्हायचं ते होईल. पण पुढच्या शुक्रवारी हे परत जाईल. सिंधी घेतो म्हणालाय ना?" आण्णांनी फ्रिजला उलटा हात लावून पाहिला, तळवा नाही, बोटांची मागची बाजू, जाणत्या वायरमनची ती सवय. त्यांचा हात झटकन मागे आला आणि चेहरा उतरला. "मशीनमध्येच काहीतरी आहे," ते म्हणाले. "सेकंडहँड माल. माझ्या वायरिंगमधून फ्रिजच्या अंगावर करंट येणार नाही, अस्मिता. एक वेळ मी चुकेन, माझं अर्थिंग चुकणार नाही." आणि मग हळूच, माझी समजूत काढावी तसं, "दे परत. ऑफिसात आहेच की कॉम्प्युटर." ऑफिसात कॉम्प्युटर आहे, त्यात मालाची आवक-जावक आहे, समुद्र नाही. मला रडू येत होतं आणि ते मला आवडलं नाही. एकतीस वर्षांच्या बाईनं गाडीच्या खेळासाठी रडायचं म्हणजे अती झालं.

आण्णांचं अर्थिंग म्हणजे काय, ते आम्ही राहतो त्या टेकडीवर कुणालाही विचारा. ते अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात होते. टेकडीवर रीतसर मीटर आले तेव्हा घराघरातली वायर त्यांनी ओढली. रविवारी सकाळी हातड्रिल, पट्ट्या आणि हिरव्या वायरचं गुंडाळं घेऊन निघायचे. पैसे घेत नसत. मी बरोबर जायची, बहुतेक प्रत्येक घरच्या चहाबिस्किटासाठी. लोक म्हणायचे, दोन तारा पुरेत, दिवा लागतो ना. आण्णा म्हणायचे, "दिवा दोन तारांनी लागतो, माणूस तिसरीनं वाचतो." टेकडी सगळी कातळाची. खड्डा खणून जमिनीत पत्रा पुरायचा तर सुरुंग लावावा लागेल. म्हणून त्यांनी तिसरी तार नळाला बांधली. नळाचा लोखंडी पाइप कुठून कुठे जमिनीत गेलेला असतो. त्याच्याइतकं चांगलं अर्थिंग नाही. मोरीत नळ घासून लख्ख करायचा, क्लॅम्प आवळायचा, हिरवी वायर गुंडाळून वर रंग मारायचा. असं एकेक करत आमची अख्खी आळी त्यांनी बांधली. "शिवरामदादाचं अर्थिंग आहे," असं घर विकताना लोक सांगायचे. माझ्या वडिलांच्या नावाची पाटी कुठे लागली नाही, पण प्रत्येक मोरीत ती हिरवी वायर होती, आणि लहानपणी मला ती आमच्या आडनावासारखी वाटायची.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून येताना मी एक टेस्टर घेतला, आतमध्ये बारीक लाल दिवा असलेला. आई-आण्णा कुणाच्या तरी साखरपुड्याला गेले होते. कॅबिनेटला टेस्टर लावला, दिवा लागला. फ्रिजला लावला, लागला. मिक्सरच्या स्क्रूला लावला, तिथेही लागला. कॉम्प्युटरचा प्लग काढला आणि परत फिरून आले, तर सगळीकडे अंधार. म्हणजे आईचंच खरं होतं. मला फार वाईट वाटलं आणि तरीही मी पुन्हा प्लग लावला, पुन्हा काढला. मग विचार आला तो असा, की कॉम्प्युटरमधून फ्रिजपर्यंत जायला करंटला रस्ता कुठला? दोघांमध्ये सामाईक आहे ती फक्त तिसरी तार. टेकचंदनं मला सांगितलं होतं, प्रत्येक पॉवर सप्लाय थोडा करंट बॉडीवर सोडतोच, तो तिसऱ्या तारेनं जमिनीत जातो, त्याची चिंता नको. त्याच्या दुकानात तो जात होता. आमच्याकडे तो जमिनीत न जाता घरभर फिरत होता, ज्याच्या अंगाला हिरवी वायर आहे त्याच्या दारात उभा राहत होता. आणि फ्रिजची मोटर सुरू झाली की तिचा धक्का त्याच वाटेनं उलट माझ्या गाडीवर येत होता. मी बॅटरी घेतली आणि हिरव्या वायरच्या मागे निघाले. फळीवरून, खिडकीच्या चौकटीवरून, भिंतीच्या भोकातून मोरीत. पाण्याचं पिंप बाजूला सारलं.

क्लॅम्प होता. वायर होती, नऊ वेढे, आण्णांच्या हातचे, एकाला एक चिकटून. वर रंग होता. वायर ज्या लोखंडी पाइपाला बांधली होती तोही होता. फक्त तो हातभर लांबीचा होता. वर तो भिंतीतच कापलेला होता, आणि खाली प्लास्टर फोडून बघितलं तर तिथेही. त्याच्या शेजारून, नवा कोरा, करड्या प्लास्टिकचा पाइप वर चढत होता. नळाला लाल गंजाचं पाणी येतं म्हणून दोन वर्षांपूर्वी आळीनं सगळे पाइप बदलले. पुढाकार आण्णांचा, घरोघर फिरून लोकांना त्यांनीच राजी केलं, रिटायर माणसाला काम मिळालं म्हणून आईनं सुटकेचा सुस्कारा सोडला होता. प्लंबरनं क्लॅम्प असलेला तुकडा काढायला नको म्हणून तसाच भिंतीत ठेवला. शिवरामदादाचं अर्थिंग आहे, त्याला कोण हात लावेल? मी मोरीच्या कठड्यावर बसले. माझं मशीन निर्दोष होतं. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, अगदी कडकडून. पण तो क्षणभरच टिकला. कारण नळ आमच्या एकट्या घराचा बदलला नव्हता, अख्ख्या आळीचा बदलला होता.

मी काय केलं तर बदलापूरला महेंद्रला फोन केला. तो तिथेच कुळगावात राहतो, बँकेत आहे, आणि कुठल्याही प्रश्नाला त्याच्याकडे छोटं उत्तर असतं. "तिसरी पिन तोडून टाक की. सगळे तेच करतात. आण्णांना कशाला सांगतेस? ह्या वयात त्यांचं काय राहिलंय दुसरं?" मी पिन तोडली नाही, जीव झाला नाही. कॉम्प्युटरच्या एक्स्टेन्शन बोर्डाचा प्लग उघडून फक्त हिरवी वायर सोडवली, टोकाला टेप लावली. फ्रिज चावायचा थांबला. गाडीही फारशी थिजेना. मी रबरी चप्पल घालून खेळायला बसू लागले, कॅबिनेटला हात लागू नये म्हणून जरा तिरकी. आईनं फ्रिजवर भीत भीत बोट टेकवलं, मग हात टेकवला. "बदललंस का काही त्यातलं?" मी हो म्हटलं. ते खोटं नव्हतं. आण्णा म्हणाले, "बघ, मशीनमध्येच होतं." आणि मी त्यावर हुं केलं. सगळं जमलं होतं. मशीन राहिलं, आईचा राग गेला, आण्णांचं नाव राहिलं. समुद्राकाठचा रस्ता पहिल्यांदाच मी शेवटपर्यंत गेले. पुढे बोगदा होता, बोगद्यानंतर डोंगर होते, मला माहीतच नव्हतं. पण बोगद्यातून जाताना मला डोंगरांऐवजी मोऱ्या दिसू लागल्या. पिंपांमागे, साबणाच्या वड्यांमागे, एकेका हातभर पाइपाला बांधलेली एकेक हिरवी वायर, कुठेच न जाणारी. अजून काही झालं नव्हतं, कारण टेकडीवर करंट सोडेल असं फारसं काही नव्हतं. पंखे, टीव्ही, ट्यूबलाइटी. मी स्वतःला हेच सांगत होते. मग गाडी कठड्याला घासायची आणि मी पहिल्यापासून सुरू करायची.

पुढच्या शुक्रवारी दुपारी अंजनीमावशी आल्या. त्या बसल्याही नाहीत, इतक्या आनंदात होत्या. "दादा, जय भीम. पोरानं वॉशिंग मशीन घेतली. उद्या येतेय. मोरीतच ठेवणार, पाणी तिथंच ना. कंपनीचा माणूस फोनवर विचारत होता, अर्थिंग आहे का. मी म्हटलं, आमच्याकडे शिवरामदादाचं आहे, डोळे झाकून लाव." आण्णांनी मान हलवली. इतक्या साध्या अभिमानानं हलवली, की मला खुर्चीत बसवेना. मोरी ओली, मावशी अनवाणी, पत्र्याचं मशीन. त्या गेल्या. पडद्यावर माझी गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती आणि इंजीन चालू होतं. महेंद्र म्हणाला होता, ह्या वयात त्यांचं काय राहिलंय दुसरं. मला वाटलं, मी आहे की. मग त्या वायरीशिवाय त्यांचं काहीच उरणार नाही, असं का धरायचं? मी गेम बंद केला.

"आण्णा," मी म्हटलं, "मोरीत या जरा." पिंप मी आधीच सरकवलं होतं. भाषण तयार केलं होतं, की तुमची चूक नाही, प्लंबरनं बघायला हवं होतं, असं काहीबाही. त्यातलं एक अक्षर बोलता आलं नाही, कारण आण्णा वाकले आणि त्यांना कळलं. त्यांनी त्या तुकड्याला पान्ह्यानं हळूच ठोकलं, वरच्या बाजूला, मग खालच्या. मग प्लास्टिकच्या पाइपाला ठोकलं. मग ते कठड्यावर, मी बसले होते तिथेच, बसले. आई दारात येऊन उभी राहिली. नळ ठिबकत होता. आण्णा म्हणाले, "वायर मी बांधली. नळ पण मीच बदलायला लावला." मी म्हटलं, "हो." "दोन्ही कामं चांगली होती गं." मी म्हटलं, "दोन्ही चांगलीच होती, आण्णा." त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला कधी कळलं?" मी सांगितलं. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. आठवडाभर गप्प बसले होते मी. ते म्हणाले, "मी असतो तर महिनाभर बसलो असतो," आणि उठले.

उरलेली दुपार खणण्यात गेली. दारापुढे जिथे थोडा मुरूम होता तिथे आण्णांनी पहार मारली, मग मी मारली, मग दगड लागला, मग जागा बदलली. पत्रा आणि जाड तार मी भंगारबाजारातून आणली. खड्ड्यात कोळसा आणि मीठ थरावर थर घालायचं असतं. कारखान्यातल्या अर्थिंगच्या खड्ड्यांसाठी मी स्टोअरमधून दर उन्हाळ्यात पोती भरभरून देते, पण स्वतः कधी घातलं नव्हतं. आईनं मिठाची अख्खी पिशवी दिली, वर "एवढं? लोणचं घालताय का?" असं विचारलं, आणि दुसरी पिशवी आणून दिली. इस्त्रीवाल्याकडचा कोळसा आला. पाणी ओतलं, ते हळूहळू मुरलं. आण्णांनी तारेला नवी हिरवी वायर जोडली. वेढे तसेच पडले, एकाला एक चिकटून. मी एक्स्टेन्शनचा प्लग उघडून टेप काढली, वायर जागेवर बसवली. मशीन सुरू केलं, खेळ लावला. कॅबिनेटला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. मग मी तळवा टेकवला, दोन्ही हात टेकवले, गाल टेकवला. गार, मऊ रंगाचा साधा पत्रा. इतक्या दिवसांत मी माझ्या स्वतःच्या चालू मशीनला पहिल्यांदा नीट हात लावत होते. आई म्हणाली, "आता काय पापी घेतेस काय त्याची?" आणि मला हसता हसता रडू आलं, आणि या वेळी ते आलं म्हणून मला वाईट वाटलं नाही.

आण्णांनी पिशवी उचलली. पान्हा, टेस्टर, हिरव्या वायरचं उरलेलं गुंडाळं. पायात चप्पल सरकवताना त्यांचा तोल जरा गेला आणि त्यांनी चौकट धरली. मी पटकन माझी ओढणी घेतली, कारण मला कळलं होतं ते कुठे निघालेत, आणि आळीतल्या एकेका दारात उभं राहून त्यांना जे म्हणावं लागणार होतं ते त्यांनी एकट्यानं म्हणू नये असं मला वाटत होतं. मी मागोमाग उंबऱ्यापर्यंत गेले. ते पायरी उतरून थांबले, वळले. मातीनं भरलेले हात, कपाळावर कोळशाचा पट्टा.

"तू कुठं निघालीस?"

"येते ना बरोबर."

"हे माझं काम आहे." त्यांनी माझ्या खांद्यावरून आत, पडद्याकडे पाहिलं. तिथे मोकळा रस्ता आपला वाट बघत उभा होता. "तुझी सुट्टी आहे ना आज? जा. खेळ जा."

मी आत गेले. खुर्ची ओढली, चप्पल काढली. भिंतीपलीकडे अंजनीमावशींच्या दाराची कडी वाजली आणि आण्णांचा आवाज आला, "अंजनी, तुझ्याकडचं माझं काम चुकलंय. मशीन लावू नको उद्या, आधी मला बघू दे." शब्द एकेक करून बाहेर पडत होते. मावशी काहीतरी म्हणाल्या, मग मोरीत पिंप सरकवल्याचा आवाज झाला. थोड्या वेळानं पुढच्या दाराची कडी वाजली, तेच वाक्य आलं. मग त्याच्या पुढच्या दाराची. तिथून ते मला जेमतेम ऐकू येत होतं, पण सलग येत होतं. माझे अनवाणी पाय गार फरशीवर टेकलेले होते आणि फ्रिजची मोटर घुर्र करून सुरू झाली. गाडी थिजली नाही. मी तिला कडेवरून रस्त्यावर घेतलं.